परवानगीशिवाय

"साठी उलटलेल्या बाईला एकटीला राहायला घर हवंय? आणि शेजारी आवाजाची तक्रार करणारे नकोत?" बायकोचा फोन संपायच्या आत श्रीरंगने विचारलं. "कोण गं ही?"

"क्लायंट." मृदुला लोकांना भाड्याची घरं मिळवून द्यायची. "त्यांच्या परवानगीशिवाय काही सांगता येत नाही. कायदा आहे आता तसा."

"मी काय परका आहे? बरं, नाव राहू दे. पण एवढा आवाज कसला करते? भांडते की काय?" मृदुला वहीत नोंद करत राहिली. "मुलगा असेलच एखादा. कसला नालायक असेल बघ, या वयात आईला वेगळं राहायची वेळ आणली!"

 मृदुला त्याचा रिकामा कप उचलून आत गेली.

पुढच्या महिन्यात श्रीरंगची आई 'चार दिवस मावशीकडे जाते' म्हणून गेली. त्यानंतरच्या रविवारी मृदुला म्हणाली, "चल, त्या बाईंनी आपल्याला चहाला बोलावलंय. तुला सांगायलाही आता हरकत नाही म्हणाल्या."

"मग सांग की!"

"तिथेच कळेल."

श्रीरंग उत्साहाने दोन-दोन पायऱ्या चढला. बंद दारामागे कुणीतरी पेटी वाजवत होतं. एक सूर मधेच अडकत होता. बेलकडे गेलेला त्याचा हात थबकला. सकाळी झोपमोड होते म्हणून ही पेटी त्यानेच माळ्यावर टाकली होती.

मृदुलाने बेल दाबली. दार आईनेच उघडलं.

"ये," ती म्हणाली. "इथे कुणाची झोपमोड होत नाही."