कोरडे पंजे

"मावशी, याच्या गळ्यातला कोन मधेच काढता ना तुम्ही?" डॉ. श्रुतिकाने सोन्या कुत्र्याचा पुढचा पंजा उलटा करून पाहिला. बोटांमधली कातडी लालबुंद सुजली होती. तिथले पांढरे केस लाळेने ओले आणि तांबूस झाले होते.

"आईशप्पथ, नाय काढत," वनमाला राणे म्हणाल्या.

गळ्यात एवढा मोठा प्लास्टिकचा कोन असताना कुत्र्याची जीभ पंजापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मुलुंडच्या या दवाखान्यात श्रुतिका नवी होती, पण मालकांच्या थापा काही तिला नव्या नव्हत्या. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, चिकन बंद झालं, लादी पुसायचं फिनाइल बदललं. तरी पंजे आपले ओलेच.

"हे असंच राहिलं तर बोट कापावं लागेल," तिने सांगून टाकलं.

वनमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सोन्याला कुरवाळत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "ठमी चाटते त्याला."

"ठमी कोण?"

"आमची मोठी कुत्री. हा एवढासा होता, तेव्हापासून तिनेच वाढवलाय. खाज सुटली की हा पंजा पुढे करतो, की बसली ती चाटत."

श्रुतिकाने कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तिला वेगळ्या खोलीत ठेवा. बाहेरून कडी लावा."

"कडी लावली तर थांबेल ती?"

"न थांबून जाते कुठे?" श्रुतिका हसली. "आणि तिलाही घेऊन या एकदा. तोंडात काही झालंय का बघते."

"ती नाय येत आता घराबाहेर."

मात्रा मात्र लागू पडली. पुढच्या खेपेला सूज उतरली होती, केस पांढरेशुभ्र, कोरडे. बोट वाचलं. श्रुतिका मनातून अगदी खूश झाली. वनमालाबाई तेवढ्या कसनुशा हसल्या.

"ठमी रडते हो डॉक्टर. सारखं दार ओरबाडते."

श्रुतिकाला वाईट वाटलं. ठमीला आपणच जाऊन बघावं म्हणून रविवारी ती त्यांच्या घरी गेली.

वनमालाबाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. सोन्या कोनासकट लादीवर पसरला होता. आतल्या खोलीच्या बंद दारामागून नखांचा आवाज येत होता, मधेच कण्हणंही. बिचारं मुकं जनावर, आणि त्याला कोंडायला लावलं आपण. श्रुतिका उठून दाराशी गेली. तिने कडी काढली.

आवाज थांबला.

खोलीत एक स्टूल होतं. स्टुलावर म्हाताऱ्या काळ्या कुत्रीचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. दुसरं काहीच नव्हतं.

तिच्या पोटरीला घासून काहीतरी बाहेर गेलं.

श्रुतिकाने वळून पाहिलं. सोन्याने शेपटी आपटली, पंजा पुढे केला आणि समाधानाने डोळे मिटले. बोटांमधले कोरडे, पांढरे केस एकेक करून ओले होऊ लागले.