तहकूब सभा

"शंभर डोकी जमली नायत की सभा पडली. पडल्या सभेत ठराव कसला होतोय?" येसाजीआप्पा म्हणाले आणि नातीच्या तोंडात वरणभाताचा घास सारला.

सासऱ्यांचं म्हणणं माधवीला पटलं. पाताळगंगेकाठची बंद पडलेली रंगाची कंपनी रसायनांच्या गोदामांना द्यायची, की ती जागा गावाला मैदान म्हणून ठेवायची, हे ग्रामसभा ठरवणार होती. गावाची पाण्याची विहीर त्याच कुंपणाला लागून. छोट्या प्रियाच्या कोपरांवर आत्ताच पुरळ उठायचं. उद्या तिथे पिंपं आली तर? माधवी रोज सकाळी पोरीचे हात उजेडात धरून बघायची.

आप्पांनी त्या कंपनीत तीस वर्षं काढलेली, युनियनही चालवलेली. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

नवरा तेवढा वेगळं बोलत होता. "ओरडायचं तर सभेत जाऊन ओरडा," जगदीश चपला घालता घालता म्हणाला. "घरात बसून कोण ऐकणार?"

"आमाला शिकवू नको रं. शिळफाट्याला गोदामवाल्यांच्या माणसाबरोबर चहा पितोस, ते कळतं आमाला."

"माझ्या वर्गात होता तो, आप्पा."

"मग जा, बस त्याच्याच बाकावर!"

माधवीला हसू आलं नाही. त्या दोघांना तिनेही पाहिलं होतं. हल्ली फोन वाजला की जगदीश अंगणात जायचा.

ती प्रियाला कडेवर घेऊन घरोघर फिरली.

"एरवी सभेला चला म्हणून जीप पाठवतात," आनंदीबाई म्हणाल्या. "येऊ नका सांगायला आलेली तूच पहिली गं बाय!"

शेजारची आवडी मात्र टोचून बोलली. "आमी नाय जात. पण तुझा घरवाला जाणार हाय म्हणतात. त्याला कोण अडवणार?"

माधवी मान खाली घालून पुढच्या दाराशी गेली.

सभेला चाळीस माणसंही जमली नाहीत. सभा तहकूब झाली. बायकांनी साखर वाटली, आप्पांनी नातीला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं.

दोनच दिवसांत नोटीस लागली. तहकूब झालेली सभा येत्या गुरुवारी.

"एकदा पाडली, परत पाडू," आप्पा म्हणाले. माधवी परत उंबरे झिजवायला निघाली, तसा जगदीश दारात आडवा आला.

"ह्या खेपेला तरी सगळ्यांना घेऊन चल. ऐक माझं."

"कुणाचं मीठ खातोयस रे तू?"

तो दारातून बाजूला झाला.

गुरुवारी आप्पा सकाळीच डोळे तपासायला कर्जतला निघाले. "दाराला कडी घाल, पोरीला जप," म्हणाले. जगदीश दहाला पंचायतीकडे गेला. माधवीने खिडकीतून त्याची पाठ बघितली. त्या संध्याकाळी तिने त्याचं ताट वाढलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

सोमवारी कंपनीच्या फाटकात जेसीबी उभा राहिला.

माधवी पोरीला घेऊन धावतच पंचायतीत गेली.

"ठराव झालाय, वहिनी," ग्रामसेवक म्हणाले.

"शंभर माणसं तरी होती का?"

"ती अट पहिल्या सभेला. तहकूब सभेला माणसांची अट नसते. होते त्यांच्या मतांनी झाला."

शंभर घरांना तिनेच कड्या घालायला लावल्या होत्या. आणि ज्याला हे माहीत होतं, तो तिच्याच घरात जेवत होता.

"मला नावं बघायचीत."

ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही तिच्याकडे फिरवली. सापडणार ते नाव तिला ठाऊक होतं. ठरावाच्या बाजूने सात जण; ती तेवढं एकच नाव शोधत गेली. जगदीश त्यांत नव्हता. तिचं बोट खाली सरकलं.

विरोधात एक : जगदीश येसाजी ठोंबरे.

तिने परत वाचलं. मग बोट सावकाश वर नेलं, ठरावाच्या पहिल्या ओळीवर.

सूचक : येसाजी नामा ठोंबरे.