बोलतं ठेवा

साळूबाईच्या कवटीचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला होता, आणि ती शेळीबद्दल बोलत होती.

"दोन करडं झाली तिला. एक काळं, एक कबरं."

"दूध किती देते?" नर्स मार्थाने विचारलं.

"करडांनी ठेवलं तं देती."

पडद्यापलीकडे डॉ. डिक्रूज हसले. हात मात्र थांबला नाही. मार्था साळूबाईच्या तोंडाशी, चादरीच्या आडोशाला बसली होती. बोलतं ठेवायचं, एवढंच तिचं काम.

डॉक्टर या ऑपरेशनसाठी हैदराबादहून जालन्याला आले होते. साळूबाईला डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, अंधुक नजर. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना सूज दिसली. एक्स-रेमध्ये कपाळाच्या डाव्या बाजूचं हाड आतून जाड झालेलं होतं. त्यांनी घरच्यांना व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं.

"गाठ मेंदूच्या आवरणातून वाढली आहे. मेंदूला दाबते, पण त्यात शिरलेली नाही. म्हणून निघू शकते. कातडी सुया टोचून बधिर करू. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही. करवतीचा आवाज येईल, डोकं हादरेल. पण बाई जागी राहील."

"जागी कशापायी?" तिच्या नवऱ्याने, मच्छिंद्रने विचारलं.

"गाठीला लागूनच बोलण्याची जागा आहे. तिथे धक्का लागला तर वाचा जाईल. ती बोलते आहे तोवर माझा हात बरोबर आहे. गप्प झाली की मी थांबणार. गाठ अर्धी राहिली तरी."

"अर्धी राह्यली तं?"

"पुन्हा वाढेल."

सासू दुर्गाबाईने एकच विचारलं. "डोकं पुरं भादरणार का? सवाशिण हाय ती." डॉक्टरांनी डावीच बाजू भादरायचं कबूल केलं. दुर्गाबाई उठून वॉर्डात गेली. केदारखेड्याहून आल्यापासून ती एकटीच सुनेजवळ बसत होती. मच्छिंद्रला तिने वॉर्डाच्या दारातही येऊ दिलं नव्हतं.

आता गाठ जवळजवळ सुटली होती. शेवटची कड तेवढी चिकटून होती, नेमकी बोलण्याच्या जागेपाशी.

"सोपं विचारत राहा," डॉक्टर म्हणाले.

"साळूबाई, तुमचं गाव?"

"केदारखेडा."

"नदी कोणती?"

"पूर्णा."

"मुलीचं नाव?"

"नंदा."

"आणि नवऱ्याचं?"

उत्तर आलं नाही.

मार्थाने पुन्हा विचारलं. साळूबाईचे ओठ थरथरले आणि मिटले. डॉक्टरांचा हात वर उचलला गेला.

"बोलते आहे?"

"नाही, डॉक्टर."

"हात दाबायला सांगा."

साळूबाईने मार्थाचा हात घट्ट दाबला. म्हणजे ऐकू येत होतं, समजत होतं. फक्त शब्द येत नव्हता. डॉक्टरांना भीती होती ती याचीच.

"तोच प्रश्न. आणखी एकदा."

"घरवाल्याचं नाव सांगा ना, साळूबाई. बस, एक नाव."

साळूबाईने डोळे मिटून घेतले.

मार्था सिकंदराबादची. मराठी ती दवाखान्यात नोकरीला लागल्यावर शिकली होती. त्या खोलीत मराठी घरातलं माणूस एकच होतं, टेबलावरचं.

डॉक्टरांनी मेंदूवर ओला कापूस ठेवला. "घरच्यांना सांगून या. मी बंद करतो."

व्हरांड्यात मार्थाला पाहताच मायलेक उठले.

"आजी, साळूबाईची वाचा गेली."

मच्छिंद्र खाली बसला. दुर्गाबाईने मार्थाचं मनगट धरलं. "काय बोलली शेवटी?"

"नंदाचं नाव सांगितलं. मग मी नवऱ्याचं नाव विचारलं, तर..."

"नवऱ्याचं?" दुर्गाबाई थबकली. "आन् तिनं घेतलं न्हाई?"

"नाही."

"बिलकुल न्हाई?"

"तीनदा विचारलं, आजी."

दुर्गाबाईच्या तोंडून जे बाहेर पडलं ते हसू होतं की रडू, मार्थाला कळलं नाही. "आगं माय! बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेतं का? जा, जल्दी जा. दुसरं कायबी इचार तिला!"

मार्था धावली. चादरीखाली वाकून तिने धापा टाकत विचारलं, "साळूबाई, भाकरी कशाची करता?"

"जवारीची." मग जरा फणकाऱ्याने, "आन् तुमी बाई, चार मानसांत काहीबी इचारून राह्यल्या!"

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग चिमटा पुन्हा उचलला.

गाठ अख्खी निघाली.

हात धुऊन डॉक्टर बाहेर आले. डावा डोळा सुजून मिटेल, घाबरू नका, म्हणाले. डोकं ठणकेल, खूप झोप येईल, ताकद हळूहळू भरून येईल. वाचा शाबूत आहे. आणि मोकळेपणाने हसले.

"आजी, तुमच्या सुनेच्या लाजेने मला आज म्हातारं केलं. एवढी लाजाळू आहे, हे आधी सांगायचं होतं."

दुर्गाबाईने पदराने डोळे पुसले.

"लाज कुठं राह्यली व्हती, सायब? तुमाला डोकेदुखीचं सांगितलं, हे सांगायला जीभ रेटली न्हाई. दिवाळीपसून सासऱ्यादेखत, पाव्हण्यादेखत, 'ए मच्छिंद्र, ए मच्छिंद्र' करून हाका मारून राह्यली व्हती. आज ती नावाला अडली. तवाच म्या वळखलं, आमची साळू वापस आली."