पाय सरकला

पुलाजवळच्या उतारावर गाडी मागे घ्यायला व्हर्नने मान वळवली, तेवढ्यात लाइल म्हणाला, "थांब."

तो खाली उतरला. गाडीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि चाकांखाली पाहिलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. त्या सबंध दरीत त्या तिघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. उठून त्याने हात केला, तेव्हा कुठे व्हर्नने गाडी हलवली. मागच्या सीटवरचा अर्विड खिडकीबाहेर बघत राहिला. एरवी त्याच्या तोंडाला उसंत नसायची.

जूनमध्ये लाइलने घराच्या अंगणात अशीच गाडी मागे घेतली होती. कोडी, त्याचा नातू, अजून शाळेतही न जाणारा, मागे येऊन उभा राहिलेला त्याला दिसला नाही. लाइलची मुलगी, कोडीची आई, पोराला पुरल्या दिवसापासून बापाशी एक शब्द बोललेली नव्हती.

"नदीवर नेऊ त्याला," अर्विड म्हणाला होता. "दरवर्षी जातो, यंदाही जाऊ. पाण्यात उभा राहिला की माणूस सगळं विसरतो." व्हर्नलाही ते पटलं होतं. दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

काठावरची झाडं पिवळी झाली होती आणि डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ धरलं होतं. तिघांनी छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवल्या.

"पट्टा आवळ रे," व्हर्न लाइलला म्हणाला. वर पट्टा घट्ट नसला आणि माणूस पडला, तर विजारीत पाणी भरतं आणि ती दगडासारखी खाली ओढते.

"आवळतो," लाइल म्हणाला.

"आणि गळ जरा जपून फेक," अर्विडने सूर लावला. "गेल्या वर्षी याच्या गळाची पिसांची माशी माझ्या टोपीत अडकली. एवढा मोठा मासा याच्या गळाला जन्मात लागला नव्हता!"

लाइल हसला. व्हर्नला केवढं बरं वाटलं.

अर्विड वरच्या अंगाला गेला, लाइल खालच्या. मधल्या उथळ पाण्यात उभं राहून व्हर्नने दोर हवेत खेळवला आणि पिसांची माशी खडकाच्या सावलीत अलगद टेकवली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाणी फुटलं. गळाची काठी वाकली, दोराची चरखी किरकिरली. मासा उसळला तेव्हा त्याची सोनेरी कूस उन्हात चमकली. असा ट्राउट त्याला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"लाइल! हे बघ!" तो ओरडला आणि वळला.

लाइलचा पट्टा काठावरच्या धोंड्यावर नीट गुंडाळून ठेवलेला होता. शेजारी त्याची काठी. लाइल स्वतः पार वळणाशी पोचला होता, जिथे नदी एकदम खोल होते तिथे. तो सावकाश चालत होता. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, तरी चालतच होता. मग टोपी तेवढी दिसली.

व्हर्नने काठी सोडली. पाणी तुडवत, पडत, उठत तो काठाकाठाने धावला आणि वळणाच्या खाली नदीत शिरला. वाहत आलेल्या कोटाची कॉलर त्याच्या हाती लागली. लाइल हातपाय मारत नव्हता. ओंडका ओढावा तसं व्हर्नने त्याला वाळूवर ओढलं, चाकूने विजारीचे बंद कापले. भडाभडा पाणी वाहिलं. लाइल कुशीवर वळून खोकत राहिला.

अर्विड धापा टाकत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अरे म्हाताऱ्या! मासा वर काढायचा असतो, आपण खाली जायचं नसतं! झालं तरी काय?"

"पाय सरकला त्याचा," व्हर्न घाईघाईने म्हणाला. "शेवाळ आहे तिथे."

अर्विडने धोंड्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग व्हर्नकडे. "शेवाळ फार वाईट," तो हळूच म्हणाला आणि लाकडं गोळा करायला गेला.

व्हर्नने स्वतःचा कोरडा स्वेटर गाडीतून आणून लाइलच्या डोक्यातून घातला, लहान मुलाला घालावा तसा, एकेक हात बाहीत सारत. लाइलचे दात वाजत होते.

"मासा गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"मोठा होता?"

"बरा होता."

"काठीही गेली असेल."

"जाऊ दे ना काठी."

व्हर्नने स्वेटर त्याच्या गळ्याशी नीट ओढला.

"माझा पाय सरकला नाही, व्हर्न."

"माहीत आहे मला."

झाडीत अर्विड फांद्या मोडत होता. व्हर्नच्या मनात हिशेब सुरू झाला. आपल्या घरातल्या बंदुका भावाकडे नेऊन ठेवायच्या. बायकोला, एलनला, सांगून औषधाच्या गोळ्यांचं कपाट रिकामं करायचं. बाहेरच्या खोलीत आपण स्वतः झोपायचं, दाराशी.

"तू आज आमच्याकडे चल," तो म्हणाला. "आज म्हणजे काय, राहायलाच ये. हिवाळा आमच्याकडे काढ. मी आहे, एलन आहे. तुला एकटं सोडणार नाही आम्ही."

लाइलने त्याच्याकडे पाहिलं. व्हर्नच्या ओल्या शर्टाकडे, दगडांवर सोलवटलेल्या हातांकडे. त्याच्या नजरेत राग नव्हता. थकलेल्या मित्राची कणव यावी तसा तो बघत होता.

"किती रात्री जागशील रे तू?" त्याने विचारलं.