कोपऱ्यातलं हसू

"कान चुकंल, मीटर चुकत न्हाई," असं सोमनाथ म्हणाला आणि शेजारच्या भरतनं लगेच अर्ध्या मिशीची पैज लावली.

जुन्नरच्या आपल्या खोलीत गाण्याचा डेक घुमू नये म्हणून सोमनाथनं भिंतींना कांद्याची बारदानं ठोकली होती. आवाज मोजायला पुण्याहून काट्याचं मीटर आणलं होतं.

"गाण्यात कुणीतरी हसतंय राव, त्या कोपऱ्यात," भरत म्हणाला.

"आवाज असंल तर काटा हलंल!" सोमनाथनं तिथं मीटर धरलं आणि डेक बंद केला.

हसणं चालूच राहिलं. जमलेल्या आळीनं ते ऐकलं. काटा शून्यावरच.

"तुझीच खोडी ही, हलकटा!" सोमनाथनं चिडून बारदानं टराटरा फाडली. मागं नुसती भिंत.

"आईशप्पथ, मी न्हाई," म्हणताना भरतचं तोंड उतरलं होतं.

पण पैज ती पैज. आठवडे बाजारात न्हाव्यानं सोमनाथची अर्धी मिशी उतरवली. माणसं पोट धरून हसायला लागली.

"मीटरच बाद हाय!" तो मीटर नाचवत संतापानं ओरडला, तसा काटा झटक्यात टोकाला गेला.

सोमनाथनं ओरडणं थांबवून मीटर हसणाऱ्यांपुढं धरलं. भरतसकट सगळा बाजार खदाखदा हसतच होता, आणि काटा सावकाश खाली येऊन शून्यावर बसला.