खिडकीतला ठोकळा

"पोट आलंय त्याला," रेइनो सालमेला म्हणाला. "दिसतंय का?"

ग्वेनने पोलादाच्या ठोकळ्यावर पट्टी उभी धरली आणि खिडकीतल्या उजेडाकडे वळवली. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड डोकावत होता. ठोकळा मधे फुगला होता आणि कडांना उतरला होता. आठवडाभर कानशीने घासून हे फळ.

"दिसतंय."

"मग घास परत."

ग्वेन ट्रुडेल हॅनकॉक गावच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायची. उतारावर ट्रक घसरला तरी तिचा जीव वरखाली होत नसे. पण घरच्या गॅरेजातल्या, धातूचा तुकडा गरगर फिरवून कापणाऱ्या जुन्या लेथसमोर तिला घाम फुटायचा. टेबलावर चालणारं वाफेचं इवलं इंजिन स्वतःच्या हाताने करायचं, या हौसेपोटी तिने तो लेथ घेतला होता. पहिल्याच आठवड्यात फिरता तुकडा त्याला पकडणाऱ्या चकाच्या जबड्यातून सुटला, तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीत रुतला. तेव्हापासून लेथवर चादर होती. शिकवणारा मिळाला नाही, तर वसंतात तो विकून टाकायचा असं तिने ठरवलं होतं, आणि त्या विचाराने तिला रडू यायचं.

अशी इंजिनं करणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबात सगळ्यांनी एकच नाव घेतलं. रेइनो. जन्मभर हत्यारं घडवली त्याने. "पण आता तो कुणाला शिकवत नाही," असंही सगळे म्हणाले.

ती वेलदोड्याचा पाव घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. म्हाताऱ्याने पाव घेतला आणि विचारलं, "कानस धरता येते?"

तेव्हापासून दर शनिवारी ती त्याच्या गॅरेजात, ठोकळा आवळून धरणाऱ्या शेगड्यापाशी उभी असायची. ठोकळा सपाट झाला की त्याच्या लेथवर शिकायचं, त्याआधी नाही. गॅरेजातला हीटर नावापुरता होता. डावा हात एप्रनच्या खिशात खुपसून, उजव्यात कॉफीचा मग धरून रेइनो नुसता बघत राही.

"एकदा तुम्हीच करून दाखवा ना," ती एकदा म्हणाली.

"शिकायला आलीस की तमाशा बघायला?"

त्याच दिवशी तिला खिडकीत दुसरा ठोकळा दिसला. तिच्यासारखाच, पोट आलेला.

"हा कुणाचा?"

"आहे आणखी एकजण. इतर दिवशी घासतो."

"नवशिका?"

"नवाच म्हणायचा. पण चिवट आहे. कुरकुर फार." रेइनोने कॉफीचा घोट घेतला. "लेथ एकच आहे, पोरी. ज्याचा ठोकळा आधी सपाट होईल त्यालाच त्यावर शिकवीन."

ग्वेनने तो ठोकळा उचलून पाहिला. त्यावरचे घासल्याचे ओरखडे तिच्या ओरखड्यांच्या उलट बाजूला कलले होते.

"डावखुरा दिसतोय."

"तोच तर त्याचा त्रास आहे."

पुढच्या शनिवारी खिडकीतल्या ठोकळ्याचं पोट कमी झालं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. ग्वेनला चैन पडेना. ट्रक चालवताना तिला तो न पाहिलेला माणूस दिसायचा, खाली मान घालून घासत बसलेला. कोण असेल? तरुण असेल, रिकामा असेल, दिवसभर घासत असेल. तीही कामावरून घरी आली की कोट न काढता घासायला लागायची. तळहातावर, कानशीची मूठ टेकते तिथे, टपोरा फोड आला.

"आला का फोड?" रेइनो हसला. "नवशिक्यांना येतो. माझ्या हाताला पहिल्या वर्षानंतर कधी आला नाही."

"आणि त्याला? त्या दुसऱ्याला?"

"तू तुझं बघ."

मग एका शनिवारी ग्वेनने पट्टी लावली, उजेडाकडे धरली, आणि खालून काहीच डोकावलं नाही. तिने ठोकळा फिरवला. सगळ्या बाजू पाहिल्या. न राहवून तिने खिडकीतल्या ठोकळ्यालाही पट्टी लावली. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड होता. तिला आनंद झाला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

रेइनोने तिच्या ठोकळ्यावरून कडेपासून कडेपर्यंत अंगठा फिरवला.

"झालं," तो म्हणाला. "लेथ तुझा."

"आणि तो?"

"तो आता येणार नाही."

"असं कसं? इतकं जवळ आलाय बिचारा. मी बोलते ना त्याच्याशी! दोघं मिळून शिकू. वाईट वाटेल हो त्याला."

"वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द." रेइनो लेथकडे वळला आणि खिळ्यावरची चकाची चावी काढली. "ही चकात विसरून लेथ चालू केलास, तर डोकं फुटेल. चक आवळला की चावी खिशात. आता ती तूच सांभाळायची. धर."

ग्वेनने हात पुढे केला. त्याने चावी तिच्यासमोर धरून मूठ उघडली. तो डावा हात होता, आणि त्याच्या तळव्यावर, अगदी तिच्या फोडाच्या जागी, एक फोड ताजा फुटून लाल झाला होता.