चौथा हेडफोन

टोकियोच्या एका मासिकात इसोगाई गेली तीस वर्षं हेडफोनांची परीक्षणं लिहीत होते. त्यांनी नुसतं ‘बरा आहे’ म्हटलं तरी महागडा माल हातोहात खपायचा. या महिन्यात बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे, बंद कपांचे तीन उंची हेडफोन त्यांनी आठवडाभर आलटूनपालटून ऐकले आणि तिन्हींवर एकच शेरा मारला : खर्ज उत्तम, वरचे सूर गायब.

“हल्ली कोणाला काही बनवताच येत नाही,” ते संपादकाला म्हणाले.

शुक्रवारी कचेरीत वार्षिक आरोग्य तपासणी होती. नर्सबाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. इसोगाई डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत राहिले.

“बाई, यातही वरचे सूर नाहीत.”

“इसोगाईसान, आवाज आला की बटण दाबायचंय.”

“जाडा आवाज आला तेव्हा दाबलं की.”

“ते दाबलंत. नंतर बारीक आवाज सात वेळा येऊन गेला.”

इसोगाईंनी हेडफोन काढून उलटापालटा करून पाहिला. “बिघडलाय हा.”

“आत्ताच तुमचे सत्तरीचे पहारेकरी बसून गेले. त्यांना सातही वेळा ऐकू आला.”

“त्यांना काय कळतंय हेडफोनातलं,” असं म्हणून इसोगाईंनी त्यावरचा क्रमांक वहीत टिपून घेतला.

पुढच्या अंकात त्यांनी चार हेडफोन नापास केले.